गाडीचं युनिट कोणतं? घरच्या विजेवर मोटार चार्ज करताना

आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस वीजबिलावर काय बोलणार? पण पिंपरी पेंढारसारख्या गावात आता विजेवर चालणाऱ्या मोटारी दारात उभ्या राहू लागल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत एक प्रश्न आला आहे: ही गाडी कोणत्या विजेवर चार्ज करायची? घरच्या मीटरवर, स्वतंत्र जोडणी घेऊन, की विहिरीवरच्या पंपाच्या जोडणीवरून? दिवसा की रात्री? हे प्रश्न पैशाचे आहेत, थोडे कायद्याचेही आहेत. आणि जरा खोल गेलं की ते आमच्या जुन्या विषयाच्या अंगणात येऊन उभे राहतात. म्हणून आज आपण वीजबिल हाच ग्रंथ मानू आणि त्याचं वाचन करू.

आधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळांच्या मनात पक्कं बसलंय की रात्रीची वीज स्वस्त असते, म्हणून गाडी रात्री लावायची. ही कल्पना दोन ठिकाणांहून आली. एक म्हणजे आपल्याकडच्या कारखान्यांचे दर. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मोठ्या उद्योगांना वर्षानुवर्षं सवलत मिळत आली. दुसरं ठिकाण परदेश. इंग्लंडमध्ये १९७८ पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची घरगुती योजना आहे, तिच्यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त. कारण सरळ आहे. कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रं रात्री मागणी उतरली म्हणून पटकन बंद करता येत नाहीत, तेव्हा ती वीज कुणीतरी वापरावी म्हणून स्वस्त केली. मोबाईलवर इंग्रजी व्हिडिओ पाहून जे सल्ले मिळतात ते बहुतेक याच प्रकारच्या व्यवस्थेतले असतात. आपल्या घराच्या साध्या मीटरला मात्र घड्याळच कळत नाही. दुपारी बारा आणि रात्री बारा, दोन्ही युनिटं त्याला सारखीच.

आपल्या मीटरला काय कळतं? ढीग कळतो. महिन्याभरात किती युनिटं साठली, एवढंच. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत: पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. २०२४-२५ या वर्षाचे दर घेऊ, कारण ते एका ओळीत मांडता येतात. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या टप्प्यात युनिटला ५ रुपये ८८ पैसे, दुसऱ्यात ११ रुपये ४६ पैसे, तिसऱ्यात १५ रुपये ७२ पैसे आणि ५०० च्या पुढे १७ रुपये ८१ पैसे. वर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार वेगळे. दर बदलत राहतात, तेव्हा आकडे पाठ करू नका, रचना लक्षात ठेवा. आणि हेही लक्षात ठेवा की १०१ वं युनिट जळलं म्हणून सगळ्या बिलाला दुसरा दर लागत नाही. त्या टप्प्यातल्या युनिटांनाच तो लागतो. ही भीती आम्ही फार शिकल्या-सवरलेल्या लोकांकडूनही ऐकली आहे.

आता खरी गंमत. घरात दिवे, फ्रिज, मिक्सर, टीव्ही, आणि गाडी. महिन्याला एकूण २१० युनिटं झाली. यातली गाडीची कोणती? पहिली १२० की शेवटची १२०? तारेतून येणाऱ्या विजेवर नाव लिहिलेलं नसतं. तर्काने पाहिलं तर कोणतंच युनिट गाडीचं नाही आणि फ्रिजचंही नाही. ग्रीक लोकांचं ढिगाचं कोडं आठवा: एकेक दाणा टाकत गेलं तर ढीग नेमका कोणत्या दाण्याने झाला? पण निर्णय घ्यायचा असेल तेव्हा प्रश्न बदलावा लागतो. ‘गाडीची युनिटं कोणती’ असं न विचारता ‘गाडी नसती तर बिल किती आलं असतं’ असं विचारायचं. घर तर आधीपासून चालू होतं, गाडी नंतर आली. म्हणून वाढलेला सगळा खर्च गाडीच्या नावावर मांडायचा. बिलाची सरासरी काढून ‘आम्हाला युनिट नऊ रुपयाला पडतं’ म्हणणारे इथेच चुकतात. गाडीला सरासरी दर लागत नाही, वरच्या टोकाचा लागतो.

हिशेब करू. गाडी महिन्याला ८४० किलोमीटर चालते असं धरा. ओतूर, आळेफाटा, नारायणगावचा बाजार, मधेच एखादी पुण्याची फेरी, एवढं सहज होतं. भिंतीतल्या सॉकेटपासून मोजलं तर मध्यम गाडी एका युनिटात साधारण सात किलोमीटर जाते. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते, तीही यात धरली आहे. म्हणजे १२० युनिटं.

पहिलं घर नवरा-बायकोचं, महिन्याला ९० युनिटं. गाडी आल्यावर २१०. वाढलेल्या १२० पैकी १० युनिटं पहिल्या टप्प्यात, ११० दुसऱ्यात. शुल्कासह साधारण १५३० रुपये, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ८२ पैसे. दुसरं घर एकत्र कुटुंबाचं, २८० युनिटं. गाडी आल्यावर ४००. इथे २० युनिटं दुसऱ्या टप्प्यात आणि १०० तिसऱ्या. शुल्कासह साधारण २०९० रुपये, किलोमीटरला अडीच रुपये. गाडी तीच, रस्ता तोच, अंतर तेच, खर्चात महिन्याला साडेपाचशेचा फरक. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर किलोमीटरला सात रुपये पडतात. तेव्हा दोन्ही घरं फायद्यात आहेतच. प्रश्न एवढाच की आणखी कमी होऊ शकतं का.

इथे घड्याळ येतं. २०२५ पासून स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली, सुरुवातीला युनिटमागे सुमारे ८० पैसे. रात्री नाही, दिवसा! कारण राज्यात आता दुपारच्या उन्हाची वीज मुबलक होऊ लागली आहे. इंग्लंडात जी अडचण रात्रीची होती ती आपल्याकडे दुपारची झाली. आपली १२० युनिटं सगळीच्या सगळी दुपारी भरली तरी ८० पैशांप्रमाणे ९६ रुपये वाचतील. आणि टप्पा ओलांडण्याची किंमत? दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना युनिटमागे सव्वाचार रुपये. घड्याळापेक्षा टप्पा पाचपटीने जड आहे. शिवाय दुपारी गाडी दारात असते कुणाची? आमच्यासारख्या निवृत्तांची. जो शाळेवर शिकवायला जातो किंवा मार्केटला टोमॅटोच्या पट्ट्या घ्यायला जातो, त्याची गाडी दुपारी उन्हात दुसरीकडेच उभी असते. सवलत चांगली आहे, पण तिच्यासाठी दिनक्रम उलटापालटा करण्याइतकी मोठी नाही.

स्वतंत्र जोडणीचं पाहू. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी केली. स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज केली तर घराचाच दर लागतो, त्यासाठी कुणाची वेगळी परवानगी नको. पण ज्याला हवी त्याला वेगळं मीटर मागता येतं, आणि केंद्राच्या २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतही ही सोय स्पष्ट झाली. त्या श्रेणीत घरगुतीसारखे चढते टप्पे नाहीत, एकच दर. पण मंजूर भारावरचा दरमहाचा ठरावीक आकार मात्र आहे. निव्वळ उदाहरणासाठी धरू की युनिट शुल्कासह ९ रुपये आणि ठरावीक आकार महिना ३०० रुपये. १२० युनिटांना १३८० रुपये. एकत्र कुटुंबाचे महिन्याला ७०० वाचले, नवरा-बायकोचे दीडशे. पण गाडी महिन्याला ४० च युनिटं खात असेल तर? स्वतंत्र जोडणीवर ६६०, घरच्या मीटरवर पहिल्या घराला ४६७ आणि दुसऱ्या घराला ६३१. दोघांनाही तोटा. म्हणजे जास्त खाणारं घर आणि जास्त चालणारी गाडी, दोन्ही एकत्र असतील तरच वेगळं मीटर. चालू दरपत्रकातले खरे आकडे घालून हे गणित वहीच्या अर्ध्या पानावर होतं.

काही जण तिसरी वाट काढतात. एकाच घरात मुलाच्या नावाने दुसरं घरगुती मीटर, म्हणजे दोन्हीकडे १०० च्या आत राहता येईल. मुलाची चूल वेगळी, दार वेगळं, जागा वेगळी असेल तर ते रास्तच. नुसतं कागदोपत्री वेगळेपण असेल तर नाही. ती पहिली १०० युनिटं स्वस्त का आहेत? ज्यांच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा आहे त्यांच्यासाठी. त्यांचा भार वरच्या टप्प्यातले आणि कारखानेवाले उचलतात. बारा-पंधरा लाखांची मोटार त्या सवलतीत दडवायची, हे आम्हाला तरी पटत नाही.

आणि आता पंप. हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून आलाय, नाव नाही, पण हस्ताक्षर शेतकऱ्याचं दिसतंय! विहिरीवर जोडणी आहे, मुख्यमंत्री बळीराजा योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल सरकार भरतं, मग त्याच बोर्डावर गाडी लावली तर कुणाचं काय गेलं? वीज तीच ना?

प्रश्न फार जुना आहे. मीमांसकांनी दह्यावरून तो सोडवला होता. यज्ञात दही नेहमीच्या होमासाठी वापरतात आणि विशिष्ट फळाच्या इच्छेनेही वापरतात. पदार्थ एकच, पण कशासाठी जोडला यावरून त्याची भूमिका वेगळी ठरते. याला ते संयोगपृथक्त्व म्हणतात. आपला वीजदर याच न्यायाने चालतो. तारेतली वीज एकच, पण ती पाण्याला जोडली तर शेती, दिव्याला जोडली तर घर, दुकानाच्या पाटीला जोडली तर वाणिज्यिक. दर वस्तूचा नाही, विनियोगाचा आहे. म्हणून २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ म्हणतं की ज्या कारणासाठी जोडणी दिली त्याखेरीज दुसऱ्या कारणासाठी वापर झाला तर तो अनधिकृत, आणि आकारणी लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट. हे कधीपासून चाललं ते ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरतात. आपल्या पहिल्या घराचं वर्षाचं चार्जिंग अठरा हजारांच्या आसपास जातं. दुप्पट किती ते तुम्हीच करा.

पैशापलीकडचंही आहे. शेतीच्या फीडरवर वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. या पट्ट्यात रात्री पाणी धरायला जाणं म्हणजे काय, हे जुन्नरकरांना सांगायला नको. उसात बिबट्या आहे. माणसं गेली आहेत. दिवसा वीज द्या ही मागणी इथे सोयीची नाही, जिवाची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दुपारची वीज शेतीला देण्यासाठीच आहे. त्याच डीपीवर चार गाड्या लागल्या, दाब उतरला, शेजाऱ्याची मोटार उचलेना आणि त्याला राहिलेलं पाणी रात्रीच्या पाळीत धरावं लागलं, तर ‘कुणाचं काय गेलं’ याचं उत्तर त्याच्या घरी जाऊन द्यावं लागेल.

छतावरच्या सौर पॅनेलबद्दल थोडक्यात. एक किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिटं, महिन्याला १२०, म्हणजे बरोबर आपल्या गाडीचा खुराक. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार अनुदान आहे. सौर वीज बिलातून वजा होते तेव्हा ती वरच्या टोकाकडून वजा होते, महाग युनिटं आधी जातात. म्हणून एकत्र कुटुंबाच्या घराला तिचा फायदा जास्त. मात्र दिवसाचं उत्पादन रात्रीच्या वापरातून कसं वळतं करतात, हे नियम बदलते आहेत. अर्ज करण्यापूर्वी आपल्या मीटरला कोणता नियम लागतो ते कार्यालयात विचारून घ्या.

राहिली तारेची गोष्ट. दर कितीही नीट निवडला आणि वायरिंग वीस वर्षांपूर्वीचं असेल तर उपयोग नाही. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी तीन किलोवॉटच्या आसपास ओढते, तेही आठ-दहा तास सलग. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, ही रात्रभर चालते. तेव्हा मीटरपासून स्वतंत्र तांब्याची तार, चांगलं अर्थिंग, गळती पकडणारा ब्रेकर, आणि बिलावरचा मंजूर भार कमी असेल तर आधी तो वाढवून घेणं. भिंतीवरचा सात किलोवॉटचा चार्जर विक्रेता आग्रहाने सांगेल. रोज तीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला दिवसाला चार-साडेचार युनिटं लागतात, साध्या सॉकेटवर दीड तासाचं काम. मोठा चार्जर घेतला की मंजूर भार वाढतो, आणि कदाचित थ्री फेज घ्यावं लागून स्थिर आकारही वाढतो. आमच्या मते बहुतेकांना त्याची गरज नाही.

मागे बसलेल्या ताई विचारतायत की सुरुवात कुठून करायची. घरी गेल्यावर मागच्या बारा महिन्यांच्या वापराचा तक्ता बघा, तो बिलावरच छापलेला असतो. उन्हाळ्याचा महिना आणि थंडीचा महिना वेगवेगळे घ्या, कारण एप्रिलमध्ये कूलर लागला की टप्पा बदलतो. त्यात गाडीची युनिटं मिळवा आणि कोणत्या टप्प्यात पडता ते पाहा. आणखी प्रश्न असतील तर आपण चहानंतर घेऊ.