चांदी उरली, कथील वितळले

बँका नसलेल्या समाजात बचत ठेवायची कुठे? सतराव्या-अठराव्या शतकांत अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमधील सधन कुटुंबांनी या प्रश्नाचे उत्तर जेवणाच्या टेबलावरच शोधले होते. व्यापारातून हाती आलेली स्पॅनिश चांदीची नाणी ते कारागिराकडे नेत आणि घडणावळ देऊन त्यांचे पेले, चहादाण्या, चमचे करून घेत. चोरीला गेलेले नाणे ओळखता येत नाही; भांड्यावर मात्र मालकाची आद्याक्षरे व कारागिराचा ठसा असे. अडचणीच्या वेळी तेच भांडे मोडीत घालता येई.

लंडनमध्ये चांदीची शुद्धता तपासून अधिकृत छाप उमटविण्याची पद्धत होती. वसाहतींत अशी यंत्रणा नसल्याने कारागिराचे नाव हीच हमी ठरे. १६५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने टांकसाळ काढली, तेव्हा तिची जबाबदारी बॉस्टनचे कारागीर जॉन हल यांच्यावर सोपविण्यात आली, ती या विश्वासापोटीच. रॉबर्ट सँडरसन हे त्यांचे भागीदार होते. पुढे पॉल रिव्हिअर यांनी १७६८ मध्ये घडविलेल्या चांदीच्या वाडग्याने तर राजकीय इतिहासात स्थान मिळविले. ब्रिटिश सत्तेपुढे न झुकलेल्या ९२ लोकप्रतिनिधींचा गौरव त्यावर कोरलेला आहे. १९४९ मध्ये तो बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आला. त्याच्या खरेदीसाठी शाळकरी मुलांनीही पैसे दिले होते.

सामान्य घरांतील ताटे-वाडग्यांचे नशीब मात्र वेगळे होते. ती असत प्यूटरची, म्हणजे कथिलात तांबे, अँटिमनी किंवा शिसे मिसळून केलेल्या धातूची. हा धातू मऊ. रोजच्या वापराने झिजे, वाके, आणि चुलीजवळ राहिला तर वितळेही. त्यातच ब्रिटनने कच्च्या कथिलावर कर लावून तयार भांड्यांना सूट दिलेली. त्यामुळे फिलाडेल्फियाचे विल्यम विल किंवा कनेक्टिकटचे डॅनफोर्थ कुटुंब यांच्यासारख्या कारागिरांचा मोठा आधार म्हणजे जुनी मोड. ती वितळवून पितळी साच्यांत नवी भांडी ओतली जात. एका पिढीचे ताट असे पुढच्या पिढीच्या ताटात विरून जाई.

व्हर्जिनियातील चकाटक येथील जोसेफ कोपलंड यांचे नाव आज ठाऊक आहे, ते जेम्सटाउनच्या उत्खननात सापडलेल्या एका मोडक्या चमच्यामुळे. त्यावर त्यांचे नाव, गाव आणि १६७५ हे साल आहे. तो चमचा जमिनीत हरवला नसता, तर बहुधा तोही मोडीत गेला असता. श्रीमंतांच्या टेबलाचा इतिहास संग्रहालयांत झळकतो. ज्या ताटांत बहुसंख्य लोक जेवले, त्यांचा इतिहास मात्र अशा तुकड्यांवरूनच जुळवावा लागतो.