सेवकाची टिपणवही : मांडणी व राखण

वडोदऱ्याचे खंडेराव मार्केट ही महाराज सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत १९०६ साली उभी राहिलेली इमारत होय. तेथे महानगरपालिकेचे कार्यालय आहे, आणि भाजीबाजारही तेथेच भरतो. बाजारातील माल सर्वांपुढे मांडलेला असतो. कार्यालयातील दप्तर मात्र जबाबदार माणसाच्या ताब्यात असते. मंडळीच्या सेवकाच्या टिपणवहीचेही असेच दोन भाग असतात. ही वही आता कागद सोडून मोबाईल व संगणक यांत गेली असल्याने या भेदाचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

पहिल्या भागात उपदेशाचे मुद्दे, शास्त्राभ्यास व धर्मशिक्षणाचे पाठ येतात. ते अनेकांसाठीच असतात. दुसऱ्या भागात गृहभेटींच्या नोंदी येतात : कोणाचे आजारपण, कोणाचे कर्ज, कोणा दांपत्याचा कलह. ही सेवकाची मालमत्ता नव्हे. ती त्याच्याजवळ ठेवलेली ठेव आहे. चहाडखोर व विश्वासू मनुष्य यांतील भेद नीतिसूत्रे ११:१३ मध्ये गुप्त गोष्टीच्या राखणीवरूनच ठरविला आहे.

मांडणी. दोन्ही भागांच्या वह्या प्रथमपासून वेगळ्या कराव्यात. प्रत्येक टिपणास शास्त्रसंदर्भ एकाच पद्धतीने लिहावा, म्हणजे शोध घेताना ते चुकत नाही. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फाँटांत लिहिलेले मराठी दुसऱ्या उपकरणावर निरर्थक अक्षरे होऊन बसते. युनिकोडात मात्र मराठी व गुजराती एकाच टिपणात सुखाने नांदतात. वडोदऱ्यासारख्या द्विभाषी गावी ही मोठीच सोय आहे.

राखण. गूगल कीपसारख्या सेवेत टिपणे कुलूपबंद असतात खरी, परंतु किल्ली कंपनीपाशी राहते. पाठांसाठी हे चालेल, ठेवीसाठी नव्हे. जॉपलिन या विनामूल्य साधनात मजकूर उपकरणाबाहेर पडण्यापूर्वीच कुलूपबंद करता येतो, आणि किल्ली केवळ लिहिणाऱ्याजवळ राहते. ही सोय प्रथम एकाच उपकरणावर सुरू करावी, सर्व मजकूर वर चढू द्यावा, आणि नंतर एकेक उपकरण जोडून तेथे तोच परवलीचा शब्द द्यावा. हा शब्द विसरल्यास कंपनीही तो परत देऊ शकत नाही. म्हणून तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून सुरक्षित ठेवावा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे. हे कुलूप प्रवासातील व दूरच्या साठवणीतील मजकुराला असते. खुद्द आपल्या संगणकावर तो उघडाच राहतो. यास्तव मोबाईलला कुलूप लावणे, संगणकाची डिस्क कूटबद्ध करणे आणि खात्यास दुहेरी पडताळणी लावणे ही कामे टाळता येत नाहीत. कुटुंबातील मुले ज्या मोबाईलवर खेळतात, त्यावर गृहभेटींची वही नसावी.

दुसरी प्रत. राजा यहोयाकीमाने गुंडाळी कापून जाळली, तेव्हा यिर्मयाने पुन्हा सांगितले व बारूखाने पुन्हा लिहिले (यिर्मया ३६). आपली स्मरणशक्ती इतकी भरवशाची नाही. उपकरणे परस्परांशी जुळलेली असणे म्हणजे दुसरी प्रत असणे नव्हे. एका ठिकाणी पुसलेले टिपण सर्वत्र पुसले जाते. म्हणून दरमहा एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. जॉपलिनची जेईएक्स ही निर्यात-फाईल कुलूपबंद नसते, तेव्हा ती डिस्कच कूटबद्ध असावी.

न लिहिण्याची शिस्त. उत्तम कुलपाहूनही श्रेष्ठ राखण म्हणजे अनावश्यक ते न लिहिणे. पापकबुलीचा तपशील कोठेही नोंदू नये. भेटीच्या नोंदीत पूर्ण नावाऐवजी खूण लिहावी, आणि काम संपल्यावर ती नोंद काढून टाकावी. जुन्या प्रतींतूनही काढावी. बदलीच्या वेळी बाप्तिस्मा व विवाह यांची दप्तरे नव्या पाळकाच्या हाती सोपवावीत. विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी मात्र, सांगणाऱ्याच्या संमतीवाचून, सोपवू नयेत. ज्याने रात्री दार ठोठावून आपले दुःख सांगितले, त्याचे शब्द दुसऱ्याच्या पडद्यावर उमटले तर तो पुन्हा ते दार ठोठावणार नाही.