रणगाड्याखाली सरपटणारा कारवारचा सॅपर

परमवीर चक्र म्हटलं की आपल्याला आठवतात बंदूक चालवणारे वीर. मेजर रामा राघोबा राणे यांना ते मिळालं रस्ता मोकळा केल्याबद्दल!

कारवारजवळच्या चेंडिया गावचा हा मुलगा 1940 मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये सॅपर, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी दलाचा साधा जवान म्हणून भरती झाला. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढला. डिसेंबर 1947 मध्ये खांद्यावर सेकंड लेफ्टनंटचा तारा लागला आणि चारच महिन्यांत काश्मीरच्या युद्धात नौशेरा-राजौरीचा रस्ता समोर आला.

रस्ता कसला, सुरुंगांचं शेतच. त्यात आडवे टाकलेले पाईनचे ओंडके आणि डोंगरावरून मशीनगनचा मारा. 8 एप्रिल 1948 ला तोफगोळ्यांत त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली. त्या जखमींत राणे स्वतःही होते. तरी संध्याकाळी पुन्हा कामावर हजर. रणगाड्याखाली सरपटत, दोरी ओढून चालकाला डावं-उजवं सांगत त्यांनी तो सुरुंगांतून पुढे नेला, असं सांगतात. (माझ्या मते यावर सिनेमा कधीच यायला हवा होता.) 12 एप्रिलला सैन्य राजौरीत पोचलं.

बाकीचे बरेच परमवीर मरणोत्तर. राणे मात्र घरी परतले, 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 मध्ये पुण्यात वारले.

कारवारच्या किनाऱ्यावर युद्धनौका संग्रहालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. गोव्याहून खाली उतरलात तर गाडी थांबवून बघाच.