आधीची सुलोचना

सुलोचना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुलोचनादीदींचा सोज्वळ चेहरा येतो. पण दीदींच्या आधी, मूकपटांच्या काळात, आणखी एक सुलोचना पडद्यावर राज्य करीत होती. तिचं खरं नाव रूबी मायर्स. बगदादी ज्यू घराण्यातली ही मुलगी १९०७ साली पुण्यात जन्मली आणि टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करू लागली. म्हणजे आवाजावर पोट असलेली मुलगी पुढे आवाजाला थाराच नसलेल्या धंद्यात शिरली!

कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी विचारलं तेव्हा तिनं आधी नकारच दिला. नवल नाही. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती. ती साळुंके नावाच्या पुरुषानं केली. त्यानंतर दहा-बारा वर्षांनीही चारचौघांत सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. अखेर रूबीची सुलोचना झाली. 'टायपिस्ट गर्ल' (१९२६) गाजला, तर 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये (१९२७) तिनं एकटीनं आठ भूमिका केल्या. मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा हिचा पगार जास्त, असं लोक म्हणत. माझी उमर बँकेत गेली, त्यामुळे आकडा ऐकला की व्हाउचर पाहावंसं वाटतं! पण एका नटीविषयी असं बोललं जावं, यातच तिचा दबदबा कळतो.

मग बोलपट आला. 'आलम आरा' (१९३१) तिच्याच इंपीरियल कंपनीचा. नायिका मात्र जुबेदा. मूकपटात भाषेचं काम पडद्यावरच्या पाट्या करीत. आता हिंदुस्थानी बोलणं भाग होतं, आणि सुलोचनेला ती नीट येत नव्हती. बाई रडत बसल्या नाहीत. वर्षभर भाषा शिकल्या आणि आपल्याच 'माधुरी' या मूकपटाच्या बोलक्या अवतारातून १९३२ साली परतल्या.

सगळ्यांत बोलकी हकिकत 'अनारकली'ची. १९२८ साली दुसरी एक कंपनी याच कथेवर मोठा चित्रपट काढीत होती. इंपीरियलनं घाईघाईनं आपला तयार करून आधी लावला, त्यात अनारकली सुलोचना. १९३५ च्या बोलपटात पुन्हा तीच. १९५३ साली तिसऱ्यांदा 'अनारकली' निघाला तेव्हा नायिका होती बीना राय, आणि सुलोचना सलीमची आई, जोधाबाई!

१९७३ चा फाळके पुरस्कार तिला मिळाला. १९८३ साली ती मुंबईत वारली. तो १९५३ चा चित्रपट कधी लागला, तर बीना रायवरून थोडा वेळ नजर काढून जोधाबाईकडे पाहा.