अध्यापन : व्रत आणि वेळ

आपल्यापैकी काही जण स्वतः शिक्षक आहेत. मराठीत अध्यापनाला ‘व्रत’ म्हणण्याची प्रथा आहे. या शब्दाने प्रतिष्ठा लाभते. परंतु व्रताचे तास कोणी मोजत नाही. पनवेलजवळील करंजाडे वसाहतीत रात्री घरी वह्या तपासणाऱ्या शिक्षिकेचे श्रम त्यामुळे निष्ठेच्या खाती जमा होतात, कामाच्या नव्हे.

कायदा मात्र तास मोजतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास ठरवतो आणि त्यांत पूर्वतयारीही धरतो. ही कमाल मर्यादा नव्हे. तरी वर्गाबाहेरची तयारी हेही कामच होय, हे त्यातून मान्य होते. कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकांवर सोपवता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या क्लांतीची तीन लक्षणे सांगितली : शक्तिक्षय, कामाविषयी दुरावा आणि घटलेली कार्यक्षमता. तिचे मूळ कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणात आहे. तो शिक्षकाच्या स्वभावाचा दोष नव्हे.

कृती : एक आठवडा अध्यापन, तयारी, तपासणी व इतर कामे यांचे तास स्वतंत्र रकान्यांत नोंदवा. मुख्याध्यापकांशी बोलताना ही बेरीज समोर ठेवा.