पडदे, हातमागावरील
घराच्या खिडक्या व दारे यांतून येणारा प्रकाश, ऊन व धूळ यांना आवर घालण्यासाठी आणि एकांत राखण्यासाठी लावावयाचे, हातमागावर विणलेले कापड. पडदा हा सजावटीचा भाग मानला जात असला, तरी त्याचे खरे कार्य प्रकाश व उष्णता यांच्या नियंत्रणाचे आहे. ते कितपत साधेल, हे मुख्यतः सुताची जाडी, धाग्यांची दाटी व वीण यांवर अवलंबून असते. खिडकीची आच्छादने कापडाचीच असतात असे नाही. बांबूच्या बारीक काड्या दोऱ्यात गुंफून केलेली चिक आणि वाळ्याचे ताटे हीदेखील हाताने विणलेली आच्छादनेच होत.

हवामान व आच्छादन : पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर (घोडनदी) व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस कमी, हवा कोरडी आणि एप्रिल–मेमध्ये दुपारचे तापमान ४०° से.च्या आसपास, अशी येथील स्थिती आहे. जुन्या घरांच्या जाड भिंती व लहान खिडक्या उन्हापासून पुरेसे संरक्षण देत. काँक्रीटची घरे व काचेच्या रुंद खिडक्या रूढ झाल्यावर मात्र पडद्याची गरज वाढली. तथापि काचेच्या आतील बाजूस लावलेला पडदा डोळ्यांना दिपविणारा प्रकाश कमी करतो. काचेतून आत आलेली उष्णता मात्र बहुतांशी खोलीतच राहते. चिक खिडकीच्या बाहेर टांगल्यास ऊन काचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडते. ओले केलेले वाळ्याचे ताटे बाष्पीभवनामुळे हवा गार करते. कोरड्या हवेत हा परिणाम विशेष जाणवतो. म्हणून पश्चिमेकडील खिडकीस बाहेरून चिक व आतून सुती पडदा ही जोडणी अधिक उपयुक्त ठरते.

वीण : कापडातील उभ्या धाग्यांना ताणा व आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. साध्या विणीत बाण्याचा धागा ताण्याच्या धाग्यांखालून व वरून आळीपाळीने जातो. २/२० काउंटचे दुपदरी सूत वापरल्यास दर सेंमी.स १२ ते १४ धागे ठेवून मध्यम दाट, टिकाऊ कापड मिळते. तिरकस विणीत धाग्यांच्या छेदनांची संख्या कमी असल्याने कापड मऊ होते व त्याला चांगली चुणी पडते. त्यात धागे अधिक दाट बसविता येत असल्याने ते प्रकाशही अधिक अडविते. धागे विरळ ठेवून साधी वीण केल्यास ते सरकून कापड विस्कटते. यावर उपाय म्हणजे जाळीची वीण. तीत ताण्याचे शेजारचे दोन धागे एकमेकांस पीळ घालून बाण्यास पकडून ठेवतात. त्यामुळे वारा खेळता राहतो व प्रकाश सौम्य होतो.

मापे : खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट कापड घेतल्याशिवाय पडद्याला चुण्या पडत नाहीत. उदा., १·२ मी. रुंद खिडकीसाठी प्रत्येकी १·२ मी. रुंदीचे दोन पडदे लागतात. विणताना व धुतल्यावर कापड रुंदीत सु. १० टक्के आकसते असे धरल्यास फणीतील रुंदी सु. १·३३ मी. ठेवावी लागते. तयार पडद्याची लांबी १·५ मी. व दुमडीसाठी ०·२५ मी. धरली, तर दोन पडद्यांस ३·५ मी. कापड हवे. त्यात विणीतील वळण व आकसणे यांसाठी सु. १५ टक्के आणि मागावर वाया जाणाऱ्या टोकांसाठी सु. ०·७ मी. मिळविल्यास ताणा सु. ४·७५ मी. लांब घ्यावा लागतो. हा हिशोब चुकल्यास पहिल्याच धुण्यानंतर पडदा खिडकीस आखूड पडतो.

रंग : पडद्याला कपड्यापेक्षा कितीतरी अधिक काळ ऊन लागते. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो. व्हॅट रंजकांचे रंग सामान्यतः पक्के असतात. तीव्र उन्हाने सूतही हळूहळू कमजोर होते. म्हणून पडद्यास मागे अस्तर लावणे हितावह असते.

उद्योग : शिरूर–दौंड परिसरातील हातविणीची परंपरा मुख्यतः लोकरीची आहे. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांच्या राठ लोकरीपासून घोंगडी विणतात व ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. सुती विणकामाचे मोठे केंद्र म्हणजे दौंडवरून जाणाऱ्या लोहमार्गावरील सोलापूर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तेथील हातमाग वाढविला. चादरीचे उत्पादन पुढे बव्हंशी यंत्रमागावर गेले. भिंतीवर टांगावयाची चित्रमय कापडे मात्र हातमागावरही विणली जातात. इचलकरंजी येथे यंत्रमागाचा प्रारंभ १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी केला.

साध्या विणीचे पडद्याचे कापड यंत्रमागावर सहज व स्वस्तात निघते. त्यामुळे या स्पर्धेची झळ हातमाग विणकरास प्रथम पोहोचते. त्याच्या संरक्षणासाठी १९८५ मध्ये हातमाग आरक्षण अधिनियम संमत झाला व सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तो वैध ठरविला. आरक्षित वस्तू प्रारंभी २२ होत्या, पुढे त्या ११ करण्यात आल्या. त्यांत गृहसजावटीचे कापड विशिष्ट व्याख्येनुसार अंतर्भूत आहे. तरीही देशातील हातमाग विणकर व पूरक कामगारांची संख्या २००९–१० च्या गणनेतील ४३·३१ लाखांवरून २०१९–२० मध्ये ३५·२२ लाखांवर आली. हातमागाचे व यंत्रमागाचे साधे कापड नुसत्या नजरेने ओळखणे कठीण असते. यासाठी २००६ मध्ये हातमाग चिन्ह सुरू करण्यात आले. किमतीत हातमाग यंत्रमागाची बरोबरी करू शकत नाही. मात्र एकाच ताण्यावर बाणा व दाटी बदलून थोड्या नगांचे, खिडकीच्या नेमक्या मापाचे कापड विणणे त्याला सोपे जाते. पडद्याच्या क्षेत्रात हातविणीला उरलेला आधार मुख्यतः हाच होय.