भावोजींची गोळी

मे महिन्याचे दिवस. पोलादपूरच्या एस. टी. स्टँडवर मुंबईची गाडी येते. चाकरमानी उतरतात. पिशव्यांत बिस्किटे, फरसाण, पोरांचे कपडे. हल्ली त्यात आणखी एक वस्तू असते. औषधाच्या गोळ्या.

घाटाखालच्या एका वाडीत असेच एक भावोजी सुट्टीवर आले. सकाळी न्याहारीच्या आधी त्यांनी एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. वहिनींनी विचारले,

“कसली गोळी, भावोजी?”

“लिव्हरची. लिव्हरवर चरबी आली म्हणाले डॉक्टर.”

“अगंबाई! महाडला पोटाची सोनोग्राफी केली, तेव्हा मलाही तेच निघालं. कागदावर ग्रेड एक लिहिलंय. मला तर कुणी गोळी दिली नाही.”

“मग यातली घ्या की, वहिनी. माझ्याकडं दोन पाकिटं आहेत.”

भावोजी मनाचे चांगले. घरात जे आहे ते वाटून खावे, ही आपली रीत. पण भाकरी वाटता येते, तशी गोळी वाटता येते का? ते कळायला आधी लिव्हर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

लिव्हर म्हणजे यकृत. ते पोटात उजव्या अंगाला, बरगड्यांच्या खाली असते. बोकडाची कलेजी तुम्ही पाहिली असेल. आपल्यातही तेच असते, फक्त मोठे. मोठ्या माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलो भरते. आपण खाल्लेल्या अन्नाचा रस रक्तातून आधी यकृताकडे जातो. यकृत त्यातले लागेल ते शरीराला देते, उरेल ते साठवते, आणि घाण बाहेर काढते.

आपण गिळलेले औषधही असेच आधी यकृताकडे जाते. मग ते डॉक्टरचे असो, वैद्याचे असो, की कुंपणावरच्या वेलीचे असो. ते पचवून मार्गी लावायचे काम यकृताचेच. म्हणून ज्याचे यकृत आधीच बिघडले आहे, त्याने औषध जास्त जपून घ्यायचे.

आता चरबी. आपण दोन वेळा ताट भरून भात खातो. पूर्वीही खात होतो. पण पूर्वी वाडीवरून बाजाराला जायचे तर डोंगर उतरून जावे लागे, आणि डोक्यावर ओझे घेऊन परत चढावे लागे. आता दाराशी मिनीडोर येते. खाणे तेच राहिले, वर बिस्किटे आणि थंड पेयाच्या बाटल्या आल्या, आणि चालणे गेले. जे अन्न खर्च होत नाही, त्याची चरबी होते. ती पोटावर दिसते. यकृतात साठते ती मात्र दिसत नाही, आणि बहुतेकांना दुखतही नाही. मधुमेह असला तर ती लवकर साठते. दारूनेही साठते. बारीक माणसाला हा आजार होतच नाही, असेही नाही.

हा आजार पायरी-पायरीने वाढतो. पहिल्या पायरीला नुसती चरबी असते. दुसरीला यकृताला सूज येते. तिसरीला आत वण पडू लागतात. जखम भरल्यावर कातडीवर राहतो, तसलाच वण. शेवटी यकृत कडक होऊन आकसते. त्याला सिऱ्हॉसिस म्हणतात. पुष्कळ माणसे पहिल्या पायरीवरच राहतात. काही थोडी पुढे जातात. पुढे गेलेल्यांचे मात्र हाल होतात.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. सोनोग्राफीच्या कागदावर ग्रेड एक, ग्रेड दोन असे लिहिलेले असते. ती ग्रेड म्हणजे या पायऱ्या नव्हेत. चरबी किती दिसते, एवढेच ती सांगते. सूज आहे का, वण पडले आहेत का, हे ती सांगत नाही. दोघांच्या कागदावर ग्रेड एकच असेल, आणि आजार अगदी वेगळा असेल. वणाचा अंदाज घ्यायला डॉक्टर रोग्याचे वय, रक्तातल्या यकृताच्या दोन तपासण्या आणि प्लेटलेट, असे चार आकडे घेऊन हिशेब करतात. गरज पडली तर फायब्रोस्कॅन नावाच्या यंत्रावर यकृताचा कडकपणा मोजतात. त्यात सुई नाही की चिरफाड नाही.

आता भावोजींच्या गोळीकडे येऊ. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेले नाव असते. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचे खरे नाव असते. भावोजींच्या औषधाचे खरे नाव सारोग्लिटाझार, ४ मिलिग्रॅम. हे औषध आपल्या देशातच, अहमदाबादच्या झायडस कंपनीने शोधले. २०१३ साली ते मधुमेह्यांच्या रक्तातली चरबी कमी करण्यासाठी मान्य झाले. मार्च २०२० मध्ये यकृताच्या आजारासाठीही मान्य झाले. पण यकृताच्या कोणत्या आजारासाठी? तेव्हाची ती मान्यता नुसत्या चरबीसाठी नव्हती. चरबीपायी यकृताला सूज आली आहे, पण ते अजून आकसलेले नाही, अशा रोग्यासाठी. म्हणजे मधल्या पायरीवरच्या माणसासाठी. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम नावाचे औषध मान्य झाले. तेही वण पडलेल्या पण यकृत न आकसलेल्या रोग्यांसाठीच, आणि पथ्य व व्यायाम यांच्या जोडीने.

भावोजींची तपासणी होऊन त्यांना गोळी लिहून दिली होती. वहिनी कोणत्या पायरीवर आहेत, हे अजून कुणी पाहिलेलेच नाही. म्हणून ती गोळी त्यांची नाही.

ज्याला ही गोळी लिहून दिली आहे, त्याने ती दिवसातून एकदाच घ्यायची. एक दिवस राहिली, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. डॉक्टर सांगतील त्या महिन्याला रक्त तपासून घ्यायचे. पोटात जळजळ, अशक्तपणा किंवा ताप असला तर कळवायचे. बाई गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, तर तसे आधीच सांगायचे. बरे वाटते म्हणून मध्येच सोडायची नाही, कारण या आजारात आधीही फारसे वाईट वाटत नव्हते! बरे झाले की नाही, ते तपासणीच सांगते.

काहीजण लिव्हरसाठी म्हणून विटामिन ई च्या गोळ्या दुकानातून आणतात. त्याही मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे घ्यायच्या नसतात. मधुमेहाची पायोग्लिटाझोन नावाची एक गोळी यकृताच्या सुजेवर चालते. पण तिने वजन वाढते, पायांवर सूज येते, आणि हृदय कमजोर असलेल्याला ती चालत नाही. २०१३ च्या जूनमध्ये सरकारने तिची विक्री थांबवली होती, आणि जुलैअखेर इशारा छापण्याच्या अटीवर पुन्हा सुरू केली. उलट, लिव्हरवर चरबी निघाली म्हणून घाबरून साखरेच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या चालू गोळ्या बंद करणारेही असतात. तेही चूक. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. क्षयाच्या गोळ्या यकृताला कधी कधी जड जातात, हे खरे आहे. तरी त्याही आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. डॉक्टरांना सांगायचे, ते बदल करतील.

आणि आता वेलीची गोष्ट. आपल्याकडे गुळवेल कुंपणाकुंपणावर आहे. करोनाच्या साथीत घराघरात तिचा काढा झाला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले ६ रुग्ण डॉक्टरांनी पाहिले. सहाही जणांनी गुळवेल घेतलेली होती. डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे छापून जाहीर केले. आयुष मंत्रालयाला ते पटले नाही. त्यांचे म्हणणे, वेल नीट ओळखली होती का? तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असेच ४३ रुग्ण नोंदवले. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला असे होते, असे कुणी म्हणत नाही. पण यकृताचा आजार असलेल्याने, वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही न सांगता, रोज काढा घ्यावा का? मला विचाराल तर मुळीच घेऊ नये. झाडपाल्याचे आहे म्हणून अपाय नाही, हे म्हणणे खरे नाही. झाडपाल्यात गुण आहे असे आपण मानतो ना? मग ज्यात गुण असेल त्यात अवगुणही असू शकतो.

काढ्यापेक्षाही घरोघर जास्त खपते ती तापाची आणि अंगदुखीची गोळी. लावणीच्या दिवसांत कंबर धरते. दुकानातून पॅरासिटामॉल येते. प्रमाणात घेतली तर गोळी चांगली आहे. पण एक गोळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची असते. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसात ४००० च्या वर जायचे नाही. यकृत कमजोर असेल किंवा रोज दारू असेल, तर २००० च्या आतच राहायचे. सर्दीच्या गोळीतही बहुधा हेच औषध असते. नाव निराळे आणि माल तोच! मग न कळत दुप्पट पोटात जाते. हातभट्टी पिऊन वर ही गोळी घेणे तर फारच वाईट.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पोट फुगले, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, माणूस बरळू लागला, तर रुग्णालय गाठायचे. ‘कावीळ उतरवायला’ जायचे नाही. पावसाळ्यात चिखलात काम केल्यावर ताप येऊन डोळे पिवळे झाले, तर तो लेप्टोचा तापही असू शकतो. त्याला वेळेवर दुसरे औषध लागते.

तर वहिनींच्या घरी पुढे काय झाले? त्यांनी गोळी घेतली नाही. त्यांनी आशाताईला विचारले. आशाताई म्हणाली, “काकी, तुम्हाला आता लिहिता येतं. एक वही करा. घरात जो जे घेतो ते तीत लिहा. गोळी, काढा, चूर्ण, दारूसुद्धा. कधीपासून घेतो, कोणी दिलं, तेही लिहा. पाकिटावर डावीकडं उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.”

वही घेऊन दोघी ग्रामीण रुग्णालयात गेल्या. रक्त तपासले. वण पडण्याची चिन्हे नव्हती. साखर मात्र वाढलेली निघाली. फेब्रुवारी २०२१ पासून यकृताच्या चरबीचा आजार सरकारच्या मधुमेह-रक्तदाबाच्या कार्यक्रमातच घेतला आहे, त्यामुळे दोन्हींची नोंद एकदमच झाली. डॉक्टरांनी साखरेची गोळी दिली. लिव्हरची दिली नाही. वजन ६८ किलो भरले. “सहा महिन्यांत ५ किलो उतरवा,” ते म्हणाले. “शंभरातले पाच उतरले तरी चरबी हटते. सात ते दहा उतरले तर सूजही जाते. पण उपास करून एकदम उतरवू नका.” वहिनींनी रात्रीचा भात सोडून नाचणीची अर्धी भाकरी धरली, चहातली साखर बंद केली, आणि रोज सकाळी देवळापर्यंतचा चढ चढू लागल्या.

वहीत भावोजींचेही पान झाले. वहिनी विचारत गेल्या, ते सांगत गेले. गोळी एक. साखरेची एक. आणि महिनाभर रोज सकाळी गुळवेलीचा काढा.

“हे तुमच्या डॉक्टरला ठाऊक आहे का, भावोजी?”

“त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.”

“मग आता फोन करून सांगा.”

भावोजींनी अंगणात जाऊन फोन लावला. डॉक्टरांनी काढा त्याच दिवशी बंद करायला सांगितला, आणि मुंबईला परतल्यावर आठवड्याच्या आत रक्त तपासायला बोलावले. वहिनींनी ती तारीख वहीत लिहिली. दुसरे पाकीट भावोजींच्या पिशवीत परत ठेवले.